खरे आकडे, खोटे निष्कर्ष

मे २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीचं मतदान सुरू होतं. त्याच दिवसांत पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या ६५ वर्षांत जगातल्या १६७ देशांमध्ये धार्मिक समूहांचा लोकसंख्येतला वाटा कसा बदलला, हा त्याचा विषय होता. पण टीव्हीच्या पडद्यावर येईपर्यंत १६७ पैकी एकच देश उरला आणि त्या देशाबद्दलही दोनच वाक्यं उरली. हिंदू ७.८२ टक्क्यांनी घटले. मुस्लिम ४३.१५ टक्क्यांनी वाढले.

हा मेसेज माझ्याकडेही बऱ्याच जणांनी पाठवला. त्यात काळजीत पडलेले हिंदू मित्र होते, तसे ‘माशाअल्लाह’ लिहून तो पुढे ढकलणारे आपले लोकही होते. एकाच आकड्याने एक जण घाबरला होता आणि दुसरा सुखावला होता. दोघांनीही त्याचा अर्थ एकच लावला होता आणि तो चुकीचा होता.

अशा वेळी आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘आकडाच खोटा आहे.’ तसं म्हणून भागत नाही, कारण आकडा खोटा नाही. त्या अभ्यासानुसार १९५० साली देशाच्या लोकसंख्येत मुस्लिमांचा वाटा ९.८४ टक्के होता, २०१५ साली तो १४.०९ टक्के झाला. म्हणजे वाढ सव्वाचार टक्क्यांची. पण हे सव्वाचार मूळच्या ९.८४ ने भागले की ४३ येतात. तेच हिंदूंबाबत. ८४.६८ वरून ७८.०६, म्हणजे घट साडेसहा टक्क्यांहून थोडी जास्त. ती ८४.६८ ने भागली की ७.८२. गणित दोन्हीकडे बरोबर आहे.

शंभर उंबऱ्यांचं एक गाव घ्या. पूर्वी त्यात दहा घरं मुस्लिमांची होती, आज चौदा आहेत. गावात फिरणाऱ्या माणसाला चार घरं वाढलेली दिसतील. पण वेशीवर कोणी ‘मुस्लिम घरं चाळीस टक्क्यांनी वाढली’ असा फलक लावला, तर तोही खोटा ठरणार नाही. आणि न पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चाळीस घरं उभी राहतील.

‘हिंदू घटले’ या शब्दांतही अशीच गफलत आहे. घटला तो वाटा, माणसं नव्हेत. जनगणनेप्रमाणे १९५१ साली देशात सुमारे ३० कोटी हिंदू आणि साडेतीन कोटी मुस्लिम होते. २०११ साली हिंदू ९६ कोटी ६३ लाख आणि मुस्लिम १७ कोटी २२ लाख झाले. म्हणजे साठ वर्षांत मुस्लिम पावणेचौदा कोटींच्या आसपास वाढले आणि हिंदू सुमारे ६६ कोटींनी. एका मुस्लिमामागे जवळपास पाच हिंदू वाढले. दोन समाजांमधलं अंतर २७ कोटींचं होतं, ते ७९ कोटींवर गेलं. हे आकडेही तितकेच खरे आहेत, फक्त ते फॉरवर्ड होत नाहीत.

खोट्या आकड्याचं मूळ शोधलं की तो उघडा पडतो. खऱ्या आकड्याचं तसं होत नाही. तो सरकारी अहवालात असतो, त्याच्यावर शिक्का असतो आणि ‘हे काही मी म्हणत नाही, सरकार म्हणतं’ असं सांगता येतं. म्हणून या लेखात अशाच काही खऱ्या आकड्यांचा इतिहास पाहू. त्यातले काही आपल्याविरुद्ध वापरले गेले. एक आपली गरिबी झाकतो. आणि एक आपण स्वतः मोठ्या हौसेने मिरवतो.

४२० वर्षांचं भाकीत

‘हिंदू संपत चालले आहेत’ ही भीती व्हॉट्सअॅपची देणगी नाही. ती शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे आणि तिचा जन्म जनगणनेच्या कोष्टकातून झाला.

इंग्रजांनी १८७२ च्या सुमारास देशभर माणसं मोजायला सुरुवात केली. बंगालमध्ये त्यांना मोठा धक्का बसला. तिथले मुस्लिम म्हणजे ढाका, मुर्शिदाबादसारख्या जुन्या राजधान्यांतले थोडे लोक, अशी त्यांची समजूत होती. मोजणीत निघालं वेगळंच. बंगालमध्ये मुस्लिम जवळपास निम्मे होते आणि त्यातले बहुतेक पूर्वेकडच्या खेड्यांत शेती करणारे होते. पुढच्या प्रत्येक जनगणनेत बंगालमधला मुस्लिमांचा वाटा वाढत गेला आणि हिंदूंचा कमी होत गेला.

हे आकडे घेऊन लेफ्टनंट कर्नल यू. एन. मुखर्जी यांनी १९०९ साली कलकत्त्याच्या ‘बंगाली’ या वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. तिचं नाव ‘अ डाइंग रेस’, म्हणजे मरणपंथाला लागलेला वंश. पुढे तिची पुस्तिका निघाली. हा वंश येत्या ४२० वर्षांत नामशेष होईल, हे त्यातलं भाकीत सर्वाधिक गाजलं. १९१२ साली मुखर्जी स्वामी श्रद्धानंदांना कलकत्त्यात भेटले. श्रद्धानंदांनी पुढे १९२६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘मरणपंथाला लागलेल्या वंशाचा तारणहार’ असा उल्लेख आहे. शुद्धी आणि संघटन या चळवळींना या आकडेमोडीने मोठं बळ दिलं.

मुखर्जींनी जनगणनेचे आकडे बनवले नव्हते. चूक पुढच्या पायरीवर होती. काही दशकांचा कल त्यांनी पट्टी लावून सरळ रेषेत चार शतकं पुढे ओढला. आणि बंगालमधलं हे अंतर कशामुळे पडतंय, याचं उत्तर धर्मात शोधलं.

त्या काळातला बंगाल पाहिला तर निराळी कारणं दिसतात. हिंदूंची दाट वस्ती होती पश्चिम आणि मध्य बंगालमध्ये. तिथल्या नद्या गाळाने भरत चालल्या होत्या, पाणी साचून राहत होतं आणि हिवतापाने गावंच्या गावं ओस पडत होती. ‘बर्दवानचा ताप’ म्हणून त्या साथीची ओळखच झाली होती. मुस्लिमांची दाट वस्ती होती पूर्वेच्या त्रिभुज प्रदेशात. तिथे नद्या वाहत्या होत्या, दरवर्षी नवा गाळ पडत होता, नवी जमीन लागवडीखाली येत होती. पूर्वेकडे माणसं वाढली आणि पश्चिमेकडे मेली. पूर्वेला मुस्लिम जास्त होते, म्हणून जनगणनेच्या कोष्टकात हा फरक धर्माच्या रकान्यात उमटला.

दुसरं कारण विधवांचं. वरच्या जातींतल्या हिंदू विधवांना पुनर्विवाह बंद होता आणि त्यांचं पाहून इतर जातीही ती बंधनं उचलत होत्या. बालविवाहामुळे विधवांची संख्याही मोठी होती. मुस्लिमांमध्ये विधवेचा निकाह होत होता. मूल होण्याच्या वयातल्या लाखो स्त्रिया एका समाजाने बाजूला बसवल्या तर त्या समाजात मुलं कमी जन्मणार, यात नवल ते काय? आपल्याकडे ज्या जातींत पाटाची किंवा मोहतराची चाल होती, त्या जातींना हा प्रश्न तसा नव्हता. आणि जिथे तो होता, तिथे महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. आकड्यामागचं कारण विधवेच्या हालात सापडलं की माणूस कर्व्यांच्या वाटेला जातो. तेच कारण शेजाऱ्याच्या वाढत्या घरात शोधलं की वाट भलतीकडेच जाते.

सरळ रेषेच्या हिशोबाचं काय झालं, तेही पाहू. १९०१ साली अखंड हिंदुस्थानात सुमारे २१ कोटी हिंदू होते. २०११ साली एकट्या भारतात ते साडेचार पटींहून अधिक झाले. आणि सरळ रेषेच्या नादाने कोणाचंही कसंही भवितव्य सांगता येतं. १९११ ते १९२१ या दशकात इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे देशाची एकूण लोकसंख्याच थोडी घटली. तीच रेषा पुढे ओढली असती तर अख्खा हिंदुस्थान रिकामा होण्याची तारीखही काढता आली असती.

ही आकडेमोड एकाच बाजूची होती असंही समजू नका. ऑक्टोबर १९०६ मध्ये आगा खान यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिमांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटो यांना भेटलं. त्यांच्या निवेदनातही जनगणनेचा आधार होता. मुस्लिम देशाच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश आहेत, असं त्यात म्हटलं होतं. पुढे असंही सुचवलं होतं की आदिवासी धर्मांचे लोक आणि केवळ नावाला हिंदू गणले जाणारे वर्ग वजा केले, तर मुस्लिमांचं प्रमाण आणखी मोठं दिसेल. म्हणजे आपल्या नेत्यांनीही अंश तसाच ठेवून छेद छोटा केला. १९०९ च्या सुधारणांत स्वतंत्र मतदारसंघ आले आणि डोक्यांच्या मोजणीला सत्तेतला भाव आला. तेव्हापासून जनगणनेचं कोष्टक थंड डोक्याने कोणी वाचलंच नाही.

३६ की २९?

आता शंभर वर्षं पुढे येऊ. २००१ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे सप्टेंबर २००४ मध्ये जाहीर झाले. त्यात मुस्लिमांची दहा वर्षांतली वाढ ३६ टक्के आणि हिंदूंची २०.३ टक्के दाखवली होती. आधीच्या दशकापेक्षा मुस्लिमांचा वेग वाढला, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि गदारोळ उडाला.

खरा प्रकार असा होता. १९९१ साली अशांततेमुळे जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. २००१ मध्ये ती झाली. म्हणजे १९९१ च्या आकड्यात काश्मीरचे मुस्लिम नव्हते आणि २००१ च्या आकड्यात होते. दोन्हींची वजाबाकी केली तर काश्मीरचे सगळे मुस्लिम दहा वर्षांत जन्माला आल्यासारखे दिसणारच. आसाममध्ये १९८१ साली जनगणना झाली नव्हती, त्यामुळे त्याच्या आधीच्या दशकाच्या तुलनेतही हाच खोडा होता. दोन्ही राज्यं बाजूला ठेवून हिशोब केला तेव्हा मुस्लिमांची वाढ सुमारे २९ टक्के निघाली. आणि त्याच पद्धतीने काढलेली आधीच्या दशकाची वाढ जवळपास ३३ टक्के होती. म्हणजे वेग वाढला नव्हता, उतरला होता.

३६ हा आकडा कोणी रचलेला नव्हता. तो जनगणनेच्या कोष्टकातूनच आला होता. फक्त दोन वेगवेगळ्या नकाशांची तुलना एकाच देशाच्या नावाने झाली होती. खुलासा लगेच आला, पण ३६ गावोगाव पोहोचला आणि २९ अहवालातच राहिला. पुढच्या दशकात, २००१ ते २०११ मध्ये, मुस्लिमांची वाढ २४.६ टक्क्यांवर आली आणि हिंदूंची १६.८ वर. दोन्ही समाज एकाच उतारावर आहेत, एक थोडा पुढे आणि एक थोडा मागे.

याची खूण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्पष्ट दिसते. १९९२-९३ मध्ये एका मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुलं होत होती, हिंदू स्त्रीला ३.३. २०१९-२१ च्या पाहणीत हे आकडे २.३६ आणि १.९४ झाले. सव्वा पिढीत अंतर १.१ वरून ०.४२ वर आलं. मुस्लिमांचा जननदर अजून जास्त आहे, ते लपवण्याचं कारण नाही. पण तो धर्मामुळे जास्त आहे का, हे त्याच पाहणीतल्या दुसऱ्या पानावर तपासता येतं. बिहारमधल्या हिंदू स्त्रीचा जननदर २.८८ आहे आणि केरळमधल्या मुस्लिम स्त्रीचा २.२५. धर्म हे कारण असतं तर हे आकडे उलटे असते. देशभरात अजिबात शाळा न पाहिलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुलं आहेत आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रीला १.८. पाळण्याचा हिशोब शाळेच्या दाखल्याजवळ आणि सरकारी दवाखान्याच्या अंतराजवळ जाऊन थांबतो. केरळात मुस्लिमांचा दर हिंदूंपेक्षा जास्त आहे, हेही खरं. पण ज्या राज्यात मुली शिकल्या, तिथे दोघांचाही दर खाली आला.

आपली गरिबी झाकणारा आकडा

इथपर्यंतचे आकडे आपल्याला मोठं करून दाखवणारे होते. आता एक असा घेऊ, जो आपल्याला सुखी करून दाखवतो. २००१ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची ७८.१ टक्के. म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा मुस्लिम सव्वा टक्का पुढे! सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला तेव्हापासून हा आकडा वादात ऐकू येतो. ‘महाराष्ट्रातले मुस्लिम मागास कुठे आहेत? ते तर सरासरीच्याही पुढे आहेत.’

आकडा खरा आहे. आता प्रश्न विचारू : महाराष्ट्रातले मुस्लिम राहतात कुठे? सुमारे ७० टक्के शहरांत. मुंबई, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, सोलापूर, नागपूर. आणि एकूण राज्याचं शहरी प्रमाण त्या वेळी ४२ टक्के होतं. शहरात शाळा जवळ असते, म्हणून शहरी साक्षरता कोणत्याही समाजाची जास्तच असते. त्या वर्षी राज्याची शहरी साक्षरता ८५.५ टक्के होती आणि ग्रामीण ७०.४.

आता एक साधा हिशोब करू. मुस्लिम जिथे राहतात तिथल्या सरासरीइतकेच शिकलेले असते, तर त्यांची साक्षरता किती भरली असती? ७० टक्क्यांना शहराची ८५.५ आणि ३० टक्क्यांना खेड्याची ७०.४ लावली, तर उत्तर ८१ च्या आसपास येतं. प्रत्यक्षात आहे ७८.१. म्हणजे जो समाज सव्वा टक्का पुढे दिसत होता, तो आपल्या शेजाऱ्यांच्या मानाने तीन टक्के मागे आहे. मालेगावच्या लूमवरच्या कामगाराच्या मुलाची तुलना दुर्गम पाड्यावरच्या मुलाशी झाली आणि त्याला हुशार ठरवून घरी पाठवलं गेलं.

शिवाय साक्षरता म्हणजे तरी काय? सात वर्षांवरच्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता आलं की तो जनगणनेत साक्षर. चौथीनंतर शाळा सोडून गॅरेजला लागलेला मुलगा आणि इंजिनिअर झालेला मुलगा या रकान्यात सारखेच. दारिद्र्याचं मोजमाप घेतलं की हा सुखद पडदा गळून पडतो. सच्चर समितीच्या हिशोबाप्रमाणे देशभरातल्या शहरी मुस्लिमांपैकी सुमारे ३८ टक्के दारिद्र्यरेषेखाली होते. म्हणजे ज्या शहरात राहिल्यामुळे आपण साक्षर दिसतो, त्याच शहरात आपण गरीब आहोत. शिष्यवृत्ती, वसतिगृह, शाळेचा वर्ग यांची मागणी घेऊन जाणाऱ्या माणसाला अशा एका सरासरीच्या आधारे रिकाम्या हाताने परत पाठवता येतं. खऱ्या आकड्याची अशी किंमत मोजावी लागते.

आपला लाडका आकडा : ३१.६

आता जरा अवघड गोष्ट. अलीकडे महाराष्ट्रात औरंगजेबावरून वातावरण तापलं की आपल्याकडची पोरं एक आकडा पुढे करतात. ‘अकबराच्या दरबारात हिंदू मनसबदार २२ टक्के होते, औरंगजेबाच्या दरबारात ३१ टक्के. मग धर्मांध कोण?’ भाषणांतही तो येतो आणि टाळ्या घेतो.

हा आकडाही खरा आहे. अलीगढचे इतिहासकार एम. अतहर अली यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात औरंगजेबाच्या काळातल्या एक हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांची नावनिशीवार मोजणी केली. १६५८ ते १६७८ या काळात ४८६ मनसबदारांपैकी १०५ हिंदू, म्हणजे २१.६ टक्के. १६७९ ते १७०७ या काळात ५७५ पैकी १८२, म्हणजे ३१.६ टक्के. मोठ्या मेहनतीचं, मान्य झालेलं काम आहे ते.

पण अतहर अलींनी तिथेच दुसरा तक्ताही दिला आहे आणि आपण तो वाचत नाही. पहिल्या काळातल्या १०५ हिंदूंमध्ये राजपूत ७१, मराठे २७ आणि इतर ७. दुसऱ्या काळातल्या १८२ मध्ये राजपूत ७३, मराठे ९६ आणि इतर १३. वाढलेल्या ७७ हिंदू मनसबदारांपैकी ६९ एकटे मराठे. राजपूत जिथल्या तिथे राहिले. उलट एकूण मनसबदार वाढल्याने त्यांचा वाटा १४.६ टक्क्यांवरून १२.७ वर उतरला.

मराठे वाढले ते का, हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब दख्खनेत उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत इथून हलला नाही. पंचवीस वर्षं त्याचं मराठ्यांशी युद्ध चाललं. अशा युद्धात शत्रूचा सरदार तलवारीने हटत नसेल, तर मनसब देऊन फोडायचा, ही मोगलांची जुनी रीत होती. कोणी वतनासाठी गेला, कोणी भाऊबंदकीतून गेला, कोणी गेला आणि परतही आला. ती मनसब म्हणजे दरबारातला मान कमी आणि युद्धाचा खर्च जास्त.

या यादीतलं सर्वांत बोलकं उदाहरण शाहू महाराजांचं आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले. तिथे या सात वर्षांच्या मुलाला राजा हा किताब आणि सात हजारी मनसब मिळाली. बाप मारलेला, राज्य घेतलेलं आणि छावणीत नजरकैदेत असलेलं पोर. कागदावर मात्र तो एक बडा हिंदू मनसबदार. अशा मनसबी मोजून आपण ‘औरंगजेब किती उदार होता’ हे सिद्ध करायला निघालो, तर समोरचा मराठा माणूस चिडेल नाही तर काय? आणि त्याचं चिडणं चुकीचं म्हणता येणार नाही.

याच आकड्याला उलटं टोकही आहे. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लावला, हे खरं. नेमक्या त्याच वर्षापासून सुरू होणाऱ्या काळात हिंदू मनसबदार वाढले, हेही खरं. एकाने पहिली गोष्ट धरली, दुसऱ्याने दुसरी, आणि दोघांनी एकाच बादशहाची दोन पुतळ्यांत विभागणी केली. पण मराठ्यांच्या मनसबी त्याच्या सहिष्णुतेतूनही आल्या नव्हत्या आणि जिझियाने त्या अडल्याही नाहीत. त्यामागे दख्खनची लढाई होती. साम्राज्य माणसं कशी विकत घेतं आणि ती परवडेनाशी झाली की कसं मोडतं, हे सांगण्यासाठीच अतहर अलींचे तक्ते उपयोगी आहेत. एखाद्या बादशहाला चारित्र्याचा दाखला देण्यासाठी ते केलेलेच नाहीत.

या मातीतलं आपलं स्थान सिद्ध करायला आपल्याला औरंगजेबाच्या मनसबदारांची टक्केवारी लागत नाही. आपण इथलेच विणकर, शेतकरी, कारागीर आणि मजूर आहोत. मग उसनवारीचा आकडा कशाला?

मोजण्याआधी विचारायचं

चारही ठिकाणी चूक एकाच जातीची आहे. आकडा बरोबर, पण त्याच्या सोबतचा प्रश्न गाळलेला. ४३ टक्के कशाचे? ३६ टक्के वाढ कोणत्या नकाशावर? ७८ टक्के साक्षरता शहरातली की खेड्यातली? ३१.६ मध्ये नवे आलेले कोण आणि कशासाठी आले? हे प्रश्न विचारायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. आठवड्याच्या बाजारात ‘अर्ध्या किमतीत’ असं ओरडणाऱ्याला आपली आई सहज विचारते, ‘आधी किंमत किती होती?’ तेवढंच करायचं आहे.

पण ते दोन्ही बाजूंनी करावं लागेल. आपल्याविरुद्धच्या आकड्याला कसून उलटतपासणी आणि आपल्या बाजूच्या आकड्याला थेट टाळ्या, असं चाललं तर आपलं खरं बोलणंही कोणी ऐकणार नाही.

हे आता सांगण्याला कारण आहे. २०२७ ची जनगणना जवळ आली आहे आणि या वेळी जातही नोंदवली जाणार आहे. नवे आकडे येतील तेव्हा पहिली बातमी पुन्हा ‘मुस्लिम किती टक्के वाढले’ हीच असेल. आपल्यातले बरेच जण तो एकच आकडा घेऊन भांडत बसतील. पण ‘मुस्लिम’ हीसुद्धा एक सरासरीच आहे. तिच्याखाली मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, छप्परबंद अशा जमाती आहेत आणि त्यांची शाळा, घर, रोजगार यांची स्थिती एकसारखी नाही. प्रगणक दारात येईल तेव्हा जातीच्या प्रश्नाला ‘आम्ही फक्त मुसलमान’ एवढंच सांगून त्याला वाटेला लावलं, तर छप्परबंदाच्या पोराची गळती बागवानाच्या दुकानाखाली झाकली जाईल. मग पुढची दहा वर्षं कोणी तरी खरा आकडा दाखवून आपल्याला सांगत राहील की तुमचं तर बरं चाललं आहे.

म्हणून प्रगणकाला आपली जमात नीट सांगा, मुलीचं शिक्षण नीट सांगा, घरातला रोजगार नीट सांगा. आकडे आपल्यापासूनच तयार होतात.